कबुतरांची तबकडी

शहरातल्या कोणत्याही इमारतीच्या मागल्या अंगाला उभे राहून वर पाहा. गॅलऱ्यांतून दोऱ्यांना टांगलेल्या चकचकीत तबकड्या वाऱ्यावर गरगर फिरताना दिसतील. कबुतरांना भिववण्यासाठी त्या टांगलेल्या असतात. कबुतरे भीत नाहीत ही गोष्ट निराळी. आमच्या गॅलरीतल्या तबकडीपुढे तर एक कबुतर रोज सकाळी येऊन मान फुगवून उभे राहते, आणि आपल्या रूपाची खात्री पटली म्हणजे खुशाल तुळशीच्या कुंडीत जाऊन बसते. एके काळी या तबकड्यांत कुणाचे लग्न होते, कुणाची भावगीते होती, कुणाचे हिशेब होते. आमच्या चिरंजीवांची मुंज गेल्या वर्षी अशीच वर गेली. मी जरा कुरकुर केली, तेव्हा सौ. म्हणाली, "मग लावा ना! ही गिळणारं एक तरी यंत्र उरलंय का घरात?"

उरले नव्हते. मी गप्प बसलो.

गेल्या दिवाळीत या सदरात मी चकली मऊ का पडते यावर चार रकाने लिहिले होते. त्यावर वाचक भगिनींची जी पत्रे आली, ती वाचून यंदा फराळाच्या वाटेला जायचे नाही असे तेव्हाच ठरवून टाकले. म्हणून यंदा तबकडीविषयी लिहितो. तबकडीविषयी आणि माझ्या मावशीविषयी.

माझी मावशी वाईला राहते. एकटीच राहते. काका जाऊन सहा वर्षे झाली. काकांनी उभा जन्म एका छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालवला, आणि काम घरी आले की मावशी मूळ प्रत वाचायची आणि काका प्रुफावर खुणा करायचे. पुढेपुढे काकांपेक्षा तिचीच नजर तयार झाली. ऱ्हस्व-दीर्घाची चूक तिला भाजीतल्या खड्यासारखी लागायची. आम्ही सुट्टीत तिच्याकडे गेलो की घरी लिहिलेली आमची पत्रे ती टपालात टाकण्यापूर्वी लाल शाईने तपासायची. 'आम्ही सर्व खुशाल आहोत' यात चूक काय निघणार? पण निघायची.

अशा या मावशीने जूनमध्ये एक विलक्षण प्रकार केला. साताऱ्याला तिचे धाकटे दीर असत. त्यांना पंचाहत्तरावे लागणार होते, त्याच्या चार दिवस आधी ते वारले. त्यांच्या मुलाने घरच्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वडिलांचा हार घातलेला फोटो आणि खाली दोन ओळी टाकल्या. पाच मिनिटांच्या आत त्याखाली मावशीचा निरोप आला. गुलाबांचा एक मोठा गुच्छ, आणि त्यावर सोनेरी अक्षरांत 'हार्दिक अभिनंदन!'

पुढले सांगायला नको. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांकडून कळल्यावर मावशी साताऱ्याला धावली, पण तिथे कुणी तिच्याशी धड बोलले नाही. आपण उशिरा आलो म्हणून ही मंडळी रागावली, असे समजून ती परत आली. गुच्छाचे तिला कुणी सांगितलेच नाही. तिच्या परदेशी असलेल्या मुलाने मात्र तो गुच्छ पाहिला होता. त्याने मला फोन केला. "दादा, आईचं काही खरं नाही. डोकं फिरल्यासारखं वागतेय. डिसेंबरात येतो आणि एकदाचा निकाल लावतो. घर काढून टाकू, आणि पुण्यात एखादा चांगला वृद्धाश्रम पाहू." मी "हो, हो" म्हणालो. आज लिहायला लाज वाटते, पण मलाही तसेच वाटले होते. वय झाले, दुसरे काय?

खरे काय ते सौ.ने शोधून काढले. श्रावणात आम्ही सत्यनारायणाला वाईला गेलो होतो. रात्री झोपताना सौ. मला हळूच म्हणाली, "मावशी फोन कसा बघतात पाहिलंत का? कोंबडी दाणा बघते तशी मान तिरकी करून. आणि आज पोथी वाचायला त्यांनी शेजारच्या मुलीला बसवलं. गेल्या वर्षी स्वतः वाचली होती."

दुसऱ्या दिवशी मावशीला जवळजवळ दमदाटी करून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजला होता. आपण अक्षर वाचतो, सुईत दोरा ओवतो, माणसाचा चेहरा ओळखतो, ते सारे या मधल्या ठिपक्याएवढ्या भागाने. तो गेला की कडेचे दिसत राहते. माणूस भिंतीला धडकत नाही, चहा करतो, देवळात जातो आणि कुणाला काही कळत नाही. मात्र समोरच्या माणसाच्या तोंडाच्या जागी एक करडा डाग असतो. डॉक्टर म्हणाले, "आजार पुढे जाऊ नये म्हणून उपाय करू. पण चष्म्याचा नंबर वाढवून आता काही व्हायचं नाही. अक्षर मोठं करा. जितकं मोठं होईल तितकं, आणि उजेड भरपूर ठेवा."

येताना टांग्याच्या जुन्या अड्ड्याशी मावशी थांबली. "दीड वर्षापासून कळत होतं मला," ती म्हणाली. "पण सांगितलं असतं तर तुम्ही मला इथून उचललंच असतं की नाही, सांग?"

मी काय सांगणार?

आता मुख्य गोष्ट फोनची. मावशीचा फोन जुना. अक्षर लहानमोठे करण्याची एक पट्टी त्यात आहे. तिचे बटण सौ.ने सरकवत शेवटच्या टोकाला नेले. तिथे अक्षर मूळच्या सव्वापटीहून थोडे मोठे झाले आणि थांबले. 2023 साली निघालेल्या अँड्रॉइडच्या चौदाव्या आवृत्तीपासून ते दुप्पट करता येते म्हणतात, पण मावशीच्या फोनला नव्या आवृत्त्या देणे त्याच्या कंपनीने केव्हाच बंद केले आहे. नवा फोन घेऊ म्हटले, तर मावशी ऐकेना. या फोनात कुठे काय आहे ते तिच्या बोटांना पाठ आहे, आणि त्यात काकांनी पाठवलेले आवाजाचे निरोप आहेत. 'येताना कढीलिंब आणतो' एवढाच एक निरोप आहे. तो ती रोज ऐकते.

पुण्याला आल्यावर भाच्याला विचारले. भाचा संगणकाच्या धंद्यात आहे, त्यामुळे त्याला नेहमी झोप अपुरी असते. जांभई देत तो म्हणाला, "मामा, पट्टी संपली म्हणजे फोन संपला असं नाही. ती पट्टी म्हणजे नुसता दर्शनी दरवाजा. आतला आकडा बाहेरून बदलता येतो. संगणकाला केबल लाव आणि आज्ञा दे."

"कुठला संगणक? माझा लॅपटॉप ऑफिसचा. त्यात मला साधं घड्याळ पुढे करता येत नाही."

"मावशीआजीकडे आहे की एक."

होता खरा. 2012 साली मावसभावाच्या कॉलेजसाठी घेतलेला संगणक माडीवर क्रोशाचा रुमाल पांघरून बसला होता. पण त्यातली हार्ड डिस्क मेली होती. बटण दाबले की आतून कटकट आवाज येई आणि काळ्या पडद्यावर 'सुरू करायला काही सापडत नाही' अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ उमटे. हे मी सांगितल्यावर भाच्याची जांभई अर्ध्यावर थांबली. "डिस्क मेली ना? मग तर उत्तमच. तबकडी वाजव."

इथे वाचकांना थोडे सांगणे आले. लिनस टॉरवाल्ड्‌स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने 1991 साली लिनक्स नावाचे एक बीज तयार केले, आणि ज्याला हवे त्याने घ्यावे, बदलावे, वाटावे, असे म्हणून ते जगाला देऊन टाकले. त्यापासून संगणक चालवणाऱ्या कितीतरी प्रणाली उगवल्या. त्या प्रथम हार्ड डिस्कवर बसवाव्या लागत. पुढे काहींच्या मनात आले की बसवायचेच कशाला? 2000 साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी क्नॉपिक्स काढले. सगळी प्रणाली दाबून-दाबून एका सीडीत कोंबलेली. तबकडी घाला, बटण दाबा, संगणक तिच्यावरच चालू लागतो. असे करणारे ते पहिलेच होते असे नव्हे, पण या चालीला नाव मिळाले ते त्यामुळे. हार्ड डिस्कला हातही लागत नाही. डिस्क नसली तरी बिघडत नाही. चालताना जे काही लिहायचे ते संगणकाच्या तात्पुरत्या स्मरणात लिहिले जाते, आणि बटण बंद केले की पुसले जाते. धर्मशाळेत उतरलेल्या सज्जन प्रवाशासारखे. रात्रभर राहिला, स्वयंपाकही केला, आणि सकाळी चुलीत राखसुद्धा ठेवली नाही.

आणि गंमत अशी की आपल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही हेच लिनक्सचे बीज आहे. म्हणजे तबकडी आणि फोन हे एका घराण्यातलेच. विंडोजवाल्या संगणकाला पुष्कळदा त्या-त्या फोनसाठी वेगळा दुभाषा बसवून द्यावा लागतो. इथे घरचीच भाषा असल्याने काम सहसा त्यावाचून भागते.

भाच्याने 'लिनक्स मिंट' नावाची प्रणाली घ्यायला सांगितली. ती सुमारे तीन जीबीची असल्याने सीडीत मावत नाही, डीव्हीडी लागते. कोरी डीव्हीडी शोधण्यात एक रविवार गेला. तीन दुकानदारांनी मी फुलपात्र कल्हई करून मागितल्यासारखे माझ्याकडे पाहिले. शेवटी पासपोर्टचे फोटो काढणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे दोन मिळाल्या. दोन घेतल्या हे बरे झाले. पहिलीवर मी ती भलीमोठी फाईल जशीच्या तशी उतरवून घेतली. भाचा म्हणाला, "मामा, पाहुण्याला पुरणपोळी वाढायची तर तू त्याच्या पानात पुरणपोळीची कृती वाढलीस." ती फाईल तबकडीवर उतरवायची नसते, तिच्यातून तबकडी घडवायची असते, आणि त्याचा पर्याय वेगळा असतो. दुसरी त्याने स्वतः घडवून दिली. पहिली आता मुंजीशेजारी टांगलेली आहे.

घटस्थापनेच्या आधीच्या शनिवारी आम्ही वाईला गेलो. माडीवर मी संगणकापुढे, शेजारी खुर्चीत मावशी, आणि सौ.च्या फोनवर चित्ररूपाने पुण्याहून भाचा. संगणक सुरू होताना एफ-बारा ही कळ दाबत राहायची, म्हणजे 'कशावरून सुरू होऊ?' असे तो विचारतो. ही कळ प्रत्येक कंपनीची निराळी असते. आमची तिसऱ्या प्रयत्नात सापडली. मग तबकडी फिरू लागली. जुन्या यंत्रातून पिठाच्या गिरणीसारखा आवाज आला. पाच मिनिटे गेली, सहा गेली. मावशी म्हणाली, "दळण कोणाचं आहे?" आणि मग काळ्या पडद्यावर हिरवे पान उमटले, आणि नऊ वर्षे मुका असलेला संगणक जागा झाला.

आता त्याला एक छोटे अवजार हवे होते. त्याचे नाव एडीबी. संगणक आणि फोन यांच्यामधला तो पूल आहे असे समजा. ते इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे. वाईच्या माडीवर इंटरनेट कुठले? तर ते मावशीच्याच फोनमधून, केबलने, संगणकाला द्यायचे. ज्या रोग्याचे ऑपरेशन करायचे त्याच्याच घरून टाके घालायला दोरा मागण्यासारखे हे झाले, पण त्याची रीतसर सोय फोनमध्ये असते. आमच्या फोनमध्ये मात्र ते बटण फिकट पडले होते, दाबले जाईना. मी फोन बंद करून सुरू केला. केबल काढून घातली. उलटी घालता येते का पाहिले. अर्ध्या तासाने भाच्याने विचारले, "केबल कुठली आहे?"

"मावशीच्या चार्जरची."

"दुसरी आण. काही स्वस्त केबलींत नुसत्या विजेच्या तारा असतात. निरोपाच्या तारा घातलेल्याच नसतात."

शेजारच्या मुलीची केबल आणली. बटण लगेच उजळले. हा अर्धा तास मी जन्मभर विसरणार नाही. वाचकांचा तरी वाचावा म्हणून लिहून ठेवतो.

अवजार उतरले. आता फोनचा दरवाजा आतून उघडायला हवा. फोनच्या माहितीच्या पानावर 'बिल्ड नंबर' म्हणून एक ओळ असते, तिच्यावर सात वेळा बोट मारायचे. सातच का, ते विचारू नका. सातव्यांदा फोनने इंग्रजीत अभिनंदन केल्यासारखी एक ओळ दाखवली.

"काय म्हणतो?" मावशीने विचारले.

"तू आता डेव्हलपर झालीस म्हणतो."

मावशी खुर्चीतून अर्धी उठली. "डेव्हलपर? ते घरं पाडून इमारती उठवतात ते? हे बघ, मला विचारल्याशिवाय घराच्या कुठल्याही कागदावर..."

तिला खाली बसवून समजूत घालायला पाच मिनिटे गेली. सौ. पदराआड हसत होती, पण मला हसू आले नाही. डिसेंबरची गोष्ट मावशीला कुणी सांगितली होती की काय, कोण जाणे.

सात टिचक्यांनी एक नवे पान उघडते. त्यात यूएसबी डीबगिंग नावाचा खटका असतो, तो चालू करायचा. मग संगणकावर 'एडीबी डिव्हायसेस' अशी आज्ञा द्यायची. (इथे नागरीत लिहितो, यंत्राला रोमन लिपीच कळते.) आमच्या पडद्यावर फोनचा क्रमांक उमटला आणि त्यापुढे 'परवानगी नाही' असा शेरा. कारण फोन मालकाला विचारत होता की या परक्या संगणकाला आत घेऊ का? फोनवर 'हो' दाबले, आणि शेरा बदलला. हे विचारणे मला फार आवडले. तबकडी काही लक्षात ठेवत नसल्यामुळे पुढच्या वेळी ती पुन्हा परकीच असते, आणि फोन पुन्हा विचारतो.

फोनच्या आत या साऱ्या आवडीनिवडी तीन वह्यांत लिहिलेल्या असतात. सिस्टिम, सिक्युअर आणि ग्लोबल अशी त्यांची नावे. पट्टी सरकवली की पहिल्या वहीतला एक आकडा बदलतो, इतकेच. 'फाँट स्केल' नावाच्या नोंदीपुढे 1.3 लिहिले होते. याखेरीज पडद्यावरच्या सगळ्याच गोष्टी, म्हणजे चित्रे, बटणे, कळफलक, मोठ्या करण्याचा दुसरा एक आकडा असतो, त्याला घनता म्हणतात. ती विचारल्यावर 320 असे उत्तर आले. भाचा म्हणाला, "400 कर."

मी चष्मा पुसला आणि 800 केले.

हे मुद्दाम केले नाही. पण फोनचे जे रूप झाले ते पाहून सौ. "अगं बाई!" म्हणून मागे सरली. पडद्यावर एकच चित्र उरले होते, तेही अर्धे. घड्याळातला फक्त एक आकडा दिसत होता. भाच्याने 'मागे जा' म्हटले, पण मागे जाण्याचे बटणच पडद्याबाहेर गेले होते. काकांचा आवाज त्या फोनात होता, आणि माझे हात थंड पडले. भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, आज्ञा फोनला नाही, संगणकावर द्यायची. घनता, आणि पुढे लिही रीसेट." तसे लिहिले. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच फोन पूर्ववत झाला. तेव्हापासून त्या एका शब्दाविषयी मला भक्ती वाटते.

मावशी एवढा वेळ गप्प होती. आता म्हणाली, "मघाशी मला दिसलं होतं."

"काय दिसलं?"

"सहाचा आकडा. घड्याळातला."

पुढचा तासभर आम्ही चष्म्याच्या दुकानात करतात तसे केले. मी आकडा बदलायचा, मावशीने मान तिरकी करून पाहायचे. हे बरे की मघाचे? अक्षर 1.5, मग 1.6, मग 1.8. दोनवर ओळीत जेमतेम दोन शब्द मावू लागले आणि मावशी म्हणाली, "हे मथळ्याचं टाइप झालं. एक नंबर खाली घे." छापखाना अजून तिच्यात जागा होता. घनता 380 वर ठरली. त्याहून पुढे गेले की काही खिडक्यांतली बटणे कडेला जाऊन बुडत. ठळक अक्षराची एक नोंद दुसऱ्या वहीत होती, तिच्यापुढे 0 चा 1 केला. आणि पडदा तीस सेकंदांत मालवायचा तो दहा मिनिटांवर नेला. हे शेवटचे फोनच्या यादीतूनही करता आले असते, पण कुणाच्या डोक्यात आले होते? मावशी एक ओळ वाचते तोवर पडदा काळा होत होता, आणि दीड वर्ष ती तो आपल्या डोळ्यांचा दोष समजत होती.

काम झाल्यावर भाच्याने डीबगिंगचा खटका आठवणीने बंद करायला लावला. तो उघडा ठेवणे म्हणजे मागले दार नुसते लोटून ठेवणे. आणि फोनवरून कुणी अनोळखी माणूस असले खटके चालू करायला सांगू लागला तर त्याला पहिल्या वाक्यालाच रामराम ठोकावा, असे त्याने मावशीला दोनदा बजावले. मग संगणक बंद केला. तबकडी बाहेर आली, आणि संगणक होता तसा मुका झाला. झालेल्या प्रकारातले त्याला काही आठवत नसणार. क्रोशाचा रुमाल मी पुन्हा घातला. फोनने मात्र सगळे लक्षात ठेवले. बंद करून सुरू केल्यावरही अक्षर तेवढेच थोरले राहिले.

रात्री मावशी फोन घेऊन देवघरापाशी बसली. दिवा मोठा लावला होता. काही वेळाने तिने हाक मारली. "अरे, या मुलीनं 'अभिनंदन' चुकीचं लिहिलंय बघ. 'भि' दीर्घ काढलाय." मग आणखी काही वेळाने, "ह्याचा मुलगा दहावी झाला? मला कुणी सांगितलं नाही!" सांगितले होते. चार महिन्यांपूर्वी सांगितले होते, आणि तिने हात जोडल्याचे चित्र पाठवले होते. दीड वर्षाचे निरोप ती उलटे वाचत चालली होती. ऑक्टोबरातून सप्टेंबरात, मग ऑगस्टात. सौ.ने माझ्याकडे पाहिले. काय येणार ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मी उठून फोन तिच्या हातून घ्यावा की काय असे एकदा मनात आले. सौ.ने मान हलवली.

मग बराच वेळ देवघरातून आवाज आला नाही.

आत गेलो तेव्हा मावशीने फोन मांडीवर पालथा ठेवला होता. "हार दिसला होता मला," ती म्हणाली. "पिवळा. मला वाटलं, पंचाहत्तरीचा सत्कार आहे."

"मावशी..."

"आणि तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं."

यावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते. तिने डोळे टिपले, फोन सुलटा केला, आणि कळफलकावर एकेक अक्षर शोधत काहीतरी लिहू लागली. मोठ्या अक्षरात पुतण्याचे नाव उमटले. पुढे चार शब्द लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले. शेवटी फोन बाजूला ठेवून म्हणाली, "हे असं लिहून व्हायचं नाही. उद्या साताऱ्याची पहिली एस्टी किती वाजता आहे रे?"

मी वेळ पाहायला माझा फोन काढला. तोवर तिने मान तिरकी करून आपल्या फोनवर ती शोधली होती. "सव्वासहा," ती म्हणाली. "आणि तू येऊ नकोस. मी एकटी जाते."